तुझ्यावरचा आळ : जुन्या गाडीतल्या इमोबिलायझरला अनावृत पत्र

प्रिय इमोबिलायझर,



माझ्या गाडीत तू स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात, सहजासहजी हात पोचणार नाही अशा जागी बसला आहेस. गाडी 2008 सालची, पेट्रोलवरची, आणि माझ्याकडे आली ती सेकंडहँड. व्यवहाराच्या दिवशी आरसी बुक हातात पडलं, विम्याचे कागद पडले, पीयूसी पडलं, टायर नवे असल्याचं पुन्हा पुन्हा ऐकून झालं. तुझं नाव कोणीही काढलं नाही. पुढे ऐन पावसाळ्यात एका सकाळी सेल्फ फिरत राहिला, इंजिन काही चालू होईना आणि मीटरमधला चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकायला लागला. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला तुझं नाव तोंडपाठ असल्याचं कळलं. "इमोबिलायझर गेलाय. काढून टाका, कटकट मिटेल."

हा आळ तुझ्यावर रोज कुठे ना कुठे येत असतो. गाडी जुनी, चावी एकच, इंजिन चालू होत नाही, दिवा लुकलुकतोय, म्हणजे दोषी तूच. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच वेळा तुझा काहीही संबंध नसतो. आणि जेव्हा खरोखर तुझ्यापाशी येऊन अडतं, तेव्हाही तुझ्यातल्या बिघाडापेक्षा तुझी माहिती मालकापासून दूर ठेवण्याची रीतच जास्त नडते. हे चारचौघांत बोलायला हवं, म्हणून हे पत्र अनावृत लिहिते आहे.

तुझं काम कसं चालतं ते मला समजलं चिपळुणातल्या एका ज्येष्ठ ऑटो इलेक्ट्रिशियनकडून. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडून दाखवलं. चावी जिथे आत जाते त्या कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असलेलं एक कडं बसवलेलं असतं. इग्निशन चालू केलं की त्या कड्याभोवती 125 किलोहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चावीच्या मुठीत एक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. कड्याच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरच्या आत आली की तिच्या स्वतःच्या गुंडाळीत थोडीशी वीज उत्पन्न होते आणि तेवढ्यावर ती बोलायला लागते. पहिल्या पिढीतल्या चिप एकच ठरलेला क्रमांक सांगत. नंतरच्या पिढीत तू दर वेळी वेगळा आकडा पुढे करतोस, चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येचा वापर करून त्याचं उत्तर काढते, आणि उत्तर जुळलं तरच इंजिनचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंजेक्टरना काम सुरू करू देतो. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. उत्तर चुकलं तर काही गाड्यांत सेल्फच फिरत नाही. काहींत सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पेटतंसुद्धा आणि दोनेक सेकंदांत बंद पडतं.

तू आलास तो चोरीच्या धास्तीतून. नव्वदच्या दशकात युरोपात गाड्या इतक्या चोरीला जात होत्या की जर्मनीतल्या विमा कंपन्यांनी तुझा आग्रह धरला. 1995 पासून तिथल्या नव्या गाड्यांत तू बसायला लागलास. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1998 पासून तू सक्तीचा झालास, ऑस्ट्रेलियात जुलै 2001 पासून, कॅनडात सप्टेंबर 2007 पासून. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1995 ते 2008 या काळातल्या गाडीचोऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा तुझ्यामुळे तिथल्या चोऱ्या सरासरी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एवढ्याशा डबीने केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. आपल्याकडेही मोटर विम्याच्या दरपत्रकात, पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर हप्त्यात अडीच टक्के, कमाल 500 रुपये सूट ठेवलेली होती. रक्कम किरकोळ आहे, पण तुझी नोंद घेतली गेली होती.

आता तुझ्यावरच्या आळाकडे येते.

त्या सकाळी चाचा आले, त्यांनी चावीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, चावी राहू दे बाजूला. आधी करंट बघू." त्यांनी मल्टीमीटर काढला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. माझी 12.5 दाखवत होती. इथे बहुतेक लोक मीटर खिशात घालतात आणि "बॅटरी चांगली आहे, म्हणजे इमोबिलायझरच" असं म्हणून मोकळे होतात. चाचांनी मला सेल्फ मारायला सांगितला आणि फिरत्या सेल्फवर आकडा वाचला. सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर खेचतो, त्या ओढीत व्होल्टेज खाली येणारच, पण ते 9.6 च्या खाली जाता कामा नये. बॅटरीच्या दोन टोकांवर 10.4 मिळालं. म्हणजे तिथेही ठीक.

मग त्यांनी काळी पिन बॅटरीच्या मायनसला लावली, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. ही जोडणी पाहून मला प्रश्न पडला, कारण दोन्ही बाजू मायनसच. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं, फार तर 0.2. मीटरवर पावणेदोन व्होल्ट आले. बॅटरी आपल्या जागी 10.4 देत होती, पण इंजिनकडून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेवर पावणेदोन गळत होते, आणि इंजिनवर अर्थ घेतलेल्या ईसीएमच्या वाट्याला नऊसुद्धा पुरते येत नव्हते. एवढ्या कमी दाबावर तो मधेच रीसेट व्हायचा, तुझं आणि त्याचं बोलणं अर्धवट तुटायचं, आणि परवानगी न मिळाल्यामुळे इंजिन पेटायचं नाही. दिवा लुकलुकायचा तो त्यामुळे. चावी बरोबर होती, तूही बरोबर होतास.

दोष निघाला गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून पाहिलं तर पट्टी घट्ट बसलेली होती. बोल्ट सोडला तेव्हा पट्टीच्या डोळ्याखाली हिरवट भुकटी आणि बॉडीवर लाल गंज, असा दोन्हींचा थर निघाला. आमच्या कोकणातल्या हवेत बोनेटखाली उघडा धातू फार दिवस स्वच्छ राहत नाही. चाचांनी पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मीटर लावला तेव्हा 0.1. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं आणि तुझा दिवा विझला.

हे एवढ्या तपशिलात लिहिण्याचं कारण असं की या तपासणीला कसलंही महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो साधा मल्टीमीटर आणि सेल्फ मारायला दुसरं माणूस. आणि तरीही हीच तपासणी सगळ्यात शेवटी होते, किंवा होतच नाही. मधल्या काळात कोणी नवी बॅटरी विकतो, कोणी सेल्फ उघडतो, कोणी ईसीएम रिपेअरला पाठवायला सांगतो, आणि यातलं काहीच जमलं नाही की खापर तुझ्यावर. जुन्या गाडीत विजेचं दुखणं शोधताना आधी बॅटरी, मग तिची टोकं, मग अर्थिंग, मग चार्जिंग हा क्रम मोडू नये, असं मी आता ज्याला त्याला सांगते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर अल्टरनेटर, ज्याला आमच्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात, तो किंवा त्याचा बेल्ट पाहायचा.

नवी बॅटरी बसवली की तू चावी विसरतोस, असाही एक समज सर्रास आहे. सहसा तसं होत नाही. चाव्यांची ओळख तू अशा मेमरीत ठेवतोस जी वीज गेली तरी पुसली जात नाही. तुला आणि ईसीएमला खरी इजा होते ती जंप देताना केबल उलट्या लावल्या तर, किंवा पत्रा जोडायला गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची टोकं काढली नाहीत तर. हे दोन्ही प्रकार गॅरेजमध्ये घाईघाईत घडतात आणि त्याचे परिणाम पुढच्या मालकाला भोगावे लागतात.

जुन्या गाडीला आणखी एक व्याधी असते, ती म्हणजे आधीच्या मालकांची हौस. कोणी बाजारातून सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलेलं असतं, कोणी म्युझिक सिस्टिम, कोणी रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, दुहेरी हॉर्न, जीपीएस. या सगळ्यांना वीज कुठून दिलेली असते? बहुतेक वेळा इग्निशन स्विचच्या वायरी सोलून, त्यावर वायर पिळून आणि टेप गुंडाळून. म्हणजे नेमकी तुझ्या शेजारून. उन्हाळ्यात बंद गाडीत टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते, वायर हलते. मग कधी गाडी चालू होते, कधी होत नाही. काही गाड्यांत जुन्या मालकाने चोरांच्या भीतीने सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे गुप्त कट-ऑफ स्विच बसवलेला असतो आणि विकताना तो सांगायचाच राहतो. नव्या मालकाचा गुडघा त्याला लागतो, पेट्रोल पंपाची वीज तुटते आणि नाव पुन्हा तुझं.

रात्रीतून बॅटरी उतरते, याचंही मूळ बहुधा याच हौसेत सापडतं. गाडी बंद करून, दारं लॉक करून, सगळी यंत्रं झोपी जायला अर्धा तास दिला की बॅटरीतून जाणारा प्रवाह साधारणपणे 50 मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. जास्त असेल तर एकेका फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्टमध्ये मोजत जायचं. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल ते सर्किट जागं आहे. फ्यूज उपटून पाहण्यापेक्षा हे बरं, कारण फ्यूज काढून लावला की झोपलेलं यंत्र पुन्हा जागं होतं आणि मोजमाप फसतं.

आता चावीकडे येऊ. इथे तुझी आणि मालकाची खरी गाठ पडते.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या गाडीची चावी झिजली होती, रबराची बटणं फाटली होती. त्यांनी बाजारातून नवी फ्लिप चावी करून घेतली, खटका दाबला की पातं बाहेर येणारी. चावीवाल्याने पातं कापून दिलं, आतली रिमोटची पट्टी नव्या खोक्यात बसवली, जुनं खोकं त्यांच्या हातात दिलं. दारं रिमोटने उघडली, म्हणजे चावी झाली असं सगळ्यांनी धरलं. घरी पोचण्याआधीच गाडी अडली. इंजिन पेटायचं आणि लगेच विझायचं. टो करून नेली, स्कॅनर लावायचं ठरलं. तेवढ्यात चाचांनी विचारलं, "जुनी मूठ फेकलीत का?" नशिबाने ती पर्समध्ये होती. त्यांनी पातळ स्क्रूड्रायव्हरने ती उकलली. कोपऱ्यातल्या एका खाचेत एक काळा तुकडा होता, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, वायर नाही, पाय नाहीत, वरवर पाहता प्लास्टिकचाच भाग वाटावा असा. तीच चिप. तो तुकडा नव्या मुठीतल्या रिकाम्या खाचेत बसवला आणि गाडी चालू झाली.

रिमोट वेगळा आणि चिप वेगळी, ही गोष्ट गाडीवाल्यांना कोणीतरी ठासून सांगायला हवी. रिमोटचा नाण्यासारखा सेल संपला तर दारं उघडणार नाहीत, पण चिपला सेल लागतच नाही, त्यामुळे गाडी चालू व्हायला हवी. उलट दारं छान उघडतात म्हणून चिप शाबूत आहे असंही नाही. काही चाव्यांत चिप काचेच्या बारीक कुपीत असते आणि चावी फरशीवर पडली तर ती कुपी तडकते. काही चाव्यांत चिप रिमोटच्या पट्टीवरच असते. खोकं बदलण्याआधी आपल्या चावीत ती कुठे आहे ते पाहून घ्यावं. आणि एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या अडकवू नयेत. दोन्ही चिप एकदम उत्तर द्यायला लागल्या तर तुला कोणाचंच नीट ऐकू येत नाही.

दुसरी चावी असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. दुसरीने गाडी सहज चालू झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी कधी चालू होते, कधी होत नाही, असं असेल तर कुलपाभोवतीचं कडं, त्याचा कनेक्टर, इग्निशन स्विचची झिजलेली टोकं, अशा रांगेत पाहायचं. चिप नसलेली नुसती कापलेली चावी फिरवताना मूळ चावीची मूठ कड्याला चिकटवून धरली आणि इंजिन पेटलं, तर कडं आणि तू दोघेही धडधाकट आहात हे सिद्ध होतं. आणि तुझा दिवा व्यवस्थित विझत असूनही इंजिन पेटत नसेल तर तुझ्याकडे वळायचं कारणच नाही. इग्निशन चालू केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू येते का ते ऐकायचं. मुंबई-पुण्याकडून आलेल्या सीएनजीच्या जुन्या गाड्यांत हे फार होतं. गाडी सुरू पेट्रोलवरच होते, पण मालकाने पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं तळाशीच ठेवलेली असते, कोरडा फिरून पंप जळतो आणि लोक चावी बदलत बसतात. इंजिन तापल्यावर बंद पडतं, थंड झाल्यावर चालू होतं, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा.

स्कॅनरविषयीही थोडं सांगायला हवं. मोबाइलला जोडता येणारा स्वस्त स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला की इंजिनचे कोड वाचता येतात. पी 0562 म्हणजे व्होल्टेज कमी, पी 0335 म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी 0513 म्हणजे चावी जुळत नाही. पण कित्येक गाड्यांत तुझ्यापर्यंत तो पोचतच नाही, त्यासाठी कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो. स्वस्त स्कॅनरने काही दाखवलं नाही याचा अर्थ काही बिघडलेलं नाही असा कोणी घेऊ नये. आणि स्कॅनरने सेन्सरचं नाव सांगितलं म्हणजे सेन्सरच गेला असंही नाही. त्याची वायर उंदराने कुरतडली असेल, आणि पावसाळ्यात गरम इंजिनच्या उबेला उंदीर येतातच.

इथे तुझ्याबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी मोकळेपणाने करते. तू फार कमी बोलतोस. चावी काढून घेतल्यावर दिवा संथ लुकलुकतो, त्याचा अर्थ तू पहाऱ्यावर आहेस. इग्निशन चालू असताना लुकलुकतो, त्याचा अर्थ तुला चावी ओळखता आली नाही. पण का ओळखता आली नाही? चिपच नाही म्हणून, चिप आहे पण अनोळखी म्हणून, की बोलताबोलता व्होल्टेज पडलं म्हणून? या तीन कारणांना तीन वेगळे उपाय आहेत, आणि तिन्हींसाठी तुझ्याकडे एकच दिवा. अनेक कंपन्यांनी हा फरक फक्त स्कॅनरवर दिसेल असा ठेवला आहे. मालकाच्या पुस्तिकेत दोन ओळी, पुढे "अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा".

चाचांच्या निमित्ताने चिपळूणचा विषय निघालाच आहे तर पुराचंही लिहिते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दारातल्या, पार्किंगमधल्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी सीटपर्यंत चढलं की तू पाण्याखाली जातोस, कारण तुझी जागाच तिथे आहे. अशा गाड्या धुऊन, वाळवून, नवे सीट कव्हर घालून दूरच्या बाजारात विकायला जातात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईतल्या गाड्यांचं आणि 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्यांचंही हे झालं असणार. त्यांचं दुखणं लगेच दिसत नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज हळूहळू चढतो आणि मग एकदा चावी ओळखेनाशी होते, एकदा काच खाली जात नाही, एकदा मीटरचे काटे नाचतात. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहावा, चिखलाची रेघ तिथे लपत नाही. गालिचा उचलून खालचा फोम दाबून पाहावा. स्टिअरिंगखाली टॉर्च मारावा. एखादा कनेक्टर सुटा करून पिना पाहिल्या तर गाडीने पूर पाहिलाय का ते विकणाऱ्याला विचारावंसुद्धा लागत नाही.

आता सगळ्यात कळीचा भाग. "इमो ऑफ करून देतो." हे वाक्य तू कितीदा ऐकलं असशील. ईसीएममधला प्रोग्राम बदलून तुझा प्रश्नच विचारला जाणार नाही अशी सोय करतात. हल्ली हे काम सहज होतं. मी त्याच्या विरोधात आहे. मूळ दोष अर्थिंगचा असेल तर तो तसाच राहतो, उद्या दुसऱ्या रूपात वर येतो. गाडी नुसत्या पात्याच्या चावीने चालू व्हायला लागते, म्हणजे 1990 सालच्या गाडीइतकीच असुरक्षित होते. आणि पुढच्या खरेदीदाराला हे कोणी सांगत नाही. तुझ्याजागी दुसरा मिळतच नाही, कंपनीने भाग बनवणं बंद केलंय, अशी वेळ एखाद्या फार जुन्या गाडीवर येऊ शकते. तिथे लेखी नोंद करून, विमा कंपनीला कळवून काय तो निर्णय घ्यावा. पण अर्ध्या तासाची तपासणी टाळायला तुला उपटून काढणं हा गाडीवर अन्याय आहे.

लोक या वाटेला का जातात ते मात्र मला समजतं. एकच चावी होती तीही हरवली, गाडी जुनी, अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलं की नवी चावी तुला शिकवायला कोड मागवावा लागेल, मालकीचे पुरावे द्या, वाट पाहा, ईसीएम बदलायला लागेल, आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या नजरेला नजर देणारा. मालकीचा पुरावा मागणं योग्यच आहे, तो मागायलाच हवा. अयोग्य आहे ते हे की आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या हातात स्वतःच्या कुलपाची माहिती कधीच येत नाही.

गुप्ततेमुळे चोर थांबतात असंही नाही. 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी लाखो गाड्यांत वापरली जाणारी 40 बिटांची चिप फोडून दाखवली. बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मेगामॉस क्रिप्टो या चिपमधले दोष शोधले, तेव्हा 2013 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांच्या शोधनिबंधाच्या प्रकाशनावर बंदी आणली आणि तो बाहेर आला 2015 मध्ये. त्या दोन वर्षांत त्या चिपच्या गाड्या होत्या तितक्याच कच्च्या राहिल्या, फक्त मालकांना ते ठाऊक नव्हतं. अंधारात राहिला तो मालक.

आपल्याकडे 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं फक्त अधिकृत विक्रेत्यांपुरती अडवून ठेवल्याबद्दल तो होता. पुढे अपिलं झाली, दंडाच्या आकड्यावर वाद झाले, पण चाचांसारख्या कारागिराला स्कॅनर आणि माहिती नाकारणं हा बाजारातला अन्याय आहे, हे एका अधिकृत संस्थेने लिहून ठेवलं. 24 डिसेंबर 2022 ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. अमेरिकेत नॅस्टफ नावाची संस्था आहे. ती पार्श्वभूमी तपासून चावीच्या कारागिरांची नोंदणी करते, आणि नोंदलेल्या कारागिराला मालकीची खात्री करून घेतल्यावर गाडीच्या चावीचा कोड मिळू शकतो, त्याची नोंदही राहते. चोराला वाट मिळत नाही आणि खऱ्या मालकाचं काम अडत नाही. अशी व्यवस्था आपल्याकडे उभारणं काही अशक्य नाही. आरटीओत मालकी बदलते, त्याच वेळी नव्या मालकाला कोड मागण्याचा हक्क लागू व्हावा आणि कंपनीला ठरलेल्या मुदतीत, वाजवी शुल्कात तो द्यावा लागावा, एवढी माझी मागणी आहे.

आणि विकणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. गाडीसोबत दोन्ही चाव्या द्या, आणि चावीबरोबर आलेली क्रमांकाची पट्टी जपलेली असेल तर तीही. घेणाऱ्यांनी दुसरी चावी नसेल तर नवी करून घेण्याचा खर्च सौद्यातून वजा करावा, आणि पहिली चांगली चालते आहे तोवरच ती करून घ्यावी, कारण एक चालती चावी हातात असताना दुसरी शिकवणं सोपं आणि स्वस्त पडतं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. त्या वेळी "मला एकच मिळाली होती" हे सांगणं आणि ते पटवून देणं किती जड जातं, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारावं. एकच चावी मिळाली असेल तर विक्रीच्या करारात तसं लिहून घ्यावं.

माझ्या गाडीच्या दुसऱ्या चावीसाठी मी आरसी, ओळखपत्र आणि अर्ज देऊन ठेवला आहे. कोड आला की चाचांच्या समोर बसून ती तुला शिकवून घेणार आहे, आणि गाडी जेव्हा पुढच्या मालकाकडे जाईल तेव्हा दोन्ही चाव्या, कोडचा कागद आणि अर्थिंगच्या पट्टीची ही हकिगत त्याच्या हातात देणार आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या गाडीची दुसरी मालकीण